जुनी बेसबॉल कार्डं : वर्गवारीच्या वादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसबॉल कार्डांचा विषय निघाला की मराठी मंडळींचा पहिला प्रश्न किमतीचा असतो. दुसरा असतो, "एकाच कार्डाला दोन जाणकार दोन वेगळी नावं कशी देतात?" किमतीबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी नीट बसून देत नाही. मी न्यू जर्सीत बरीच वर्षं ही कार्डं जमवतो आहे आणि माझ्यासाठी या छंदाची सगळी गोडी त्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. नेहमी विचारलं जातं ते इथे एकत्र केलं आहे. जे माझं मत आहे, ते माझं म्हणूनच सांगितलं आहे.

बेसबॉल कार्ड म्हणजे नेमकं काय?

पुठ्ठ्याचा लहानसा तुकडा. पुढे खेळाडूचं चित्र, मागे जाहिरात किंवा खेळाडूची माहिती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटच्या पाकिटात ही कार्डं घालू लागले. पाकीट चेपायचं नाही आणि गिऱ्हाईकही त्याच छापाला धरून राहायचं. पुढे ती कॅरमेलच्या गोळ्यांबरोबर आणि पावाबरोबर मिळू लागली आणि १९३०च्या दशकात बबलगमबरोबर. ज्यांनी लहानपणी काडेपेटीचे छाप जमवले, किंवा बिग फनच्या गममधल्या क्रिकेटच्या चित्रांसाठी दात खराब करून घेतले, त्यांना यातली ओढ वेगळी समजावून सांगायला नको.

कार्डांच्या संचांना लावलेले टी२०६, एन१७२, आर३१९ हे आकडे कुठून आले?

ही सगळी मांडणी जेफरसन बर्डिक या एका माणसाची. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात ते कारखान्यात काम करायचे. संधिवाताने हातांची बोटं आखडलेली, तरी कार्डं जमवणं आणि लावणं आयुष्यभर चालू. १९३९मध्ये त्यांनी पहिली सूची छापली. पुढे ती 'अमेरिकन कार्ड कॅटलॉग' या नावाने १९४६, १९५३ आणि १९६०मध्ये पुन्हा निघाली. त्यांची अक्षरं आजही चालतात. 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, 'टी' विसाव्या शतकातली तंबाखूची, 'ई' सुरुवातीची गोळ्यांची, 'आर' १९३०नंतरची गमची, 'डी' बेकरीची, 'एम' नियतकालिकांची.

वाद समजून घ्यायचे तर बर्डिक यांचा हेतू आधी लक्षात घ्यायला हवा. बेसबॉल हा त्यांच्या संग्रहाचा एक छोटा कोपरा होता. नट्या, पक्षी, झेंडे, जाहिरातींची कार्डं, पोस्टकार्डं असं सगळं मिळून तीन लाखांहून जास्त नग त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिले. त्यातली बेसबॉलची साधारण तीस हजार. १९४७पासून त्यांनी हा ठेवा हप्त्याहप्त्याने द्यायला सुरुवात केली आणि पुढे म्युझियममध्ये बसून तो स्वतःच्या हातांनी आल्बममध्ये चिकटवला. जानेवारी १९६३मध्ये काम संपलं, मार्चमध्ये ते गेले. एवढा पसारा लावणाऱ्याला वस्तू पटकन सापडेल असा खण हवा असतो. कोणतं कार्ड कोणत्या महिन्यात, कोणत्या छपाईत निघालं हे ठरवायला ना त्यांच्याकडे वेळ होता, ना साधनं. आज आपण त्या खणाच्या चिठ्ठीलाच इतिहास समजतो आणि खालचे बहुतेक वाद तिथूनच सुरू होतात.

'व्हिंटेज' कुठपर्यंत?

एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कार्डांना सगळेच 'प्री-वॉर' म्हणतात, तिथे कुरकुर नाही. पुढची रेघ कुणी १९६९ला ओढतं, कुणी १९७३ला आणि कुणी १९८०ला. १९७३ला कारण आहे. टॉप्स कंपनीने हंगामभर टप्प्याटप्प्याने कार्डं काढायची पद्धत त्या वर्षी शेवटची वापरली, १९७४पासून सगळा संच एकदम यायला लागला. १९८०लाही आहे. १९८१पासून फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या बाजारात उतरल्या आणि टॉप्सची मक्तेदारी मोडली. मी १९७३ मानतो, कारण टप्प्यांमुळेच शेवटच्या क्रमांकांची कार्डं कमी मिळतात आणि हा फरक कार्ड हातात घेणाऱ्यालाही जाणवतो. पण १९८० म्हणणाऱ्याशी मी भांडत बसणार नाही.

टी२०६मध्ये एकूण किती कार्डं आहेत?

साधा प्रश्न वाटतो, पण उत्तरं तीन मिळतील : ५२०, ५२३ आणि ५२४.

हा संच अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात काढला. ५२४ ही पूर्ण मोजदाद. त्यात चार कार्डं अशी आहेत की ती बहुतेकांना आयुष्यात मिळत नाहीत. होनस वॅग्नर, ज्याने आपलं चित्र वापरायला नकार दिल्यामुळे छपाई लवकर थांबली आणि ज्याची आज साधारण पन्नास-साठ कार्डं माहीत आहेत. एडी प्लँक. शेरी मॅगीचं ते कार्ड, ज्यावर नावाचं स्पेलिंग चुकलं आणि नंतर दुरुस्त झालं. आणि जो डॉयल. बेसबॉलच्या मोठ्या लीग दोन, अमेरिकन आणि नॅशनल. डॉयल न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा. त्याच शहरात नॅशनल लीगमध्ये लॅरी डॉयल खेळत होता. छापणाऱ्याचा गोंधळ झाला आणि जोच्या कार्डावर नॅशनल लीग पडलं. ही चूक वेगळं कार्ड म्हणून मोजली नाही तर ५२३ होतात. चारही सोडून दिली तर ५२०, आणि बरेच जण तेवढ्यालाच 'पूर्ण संच' म्हणतात.

रे डेमिट आणि बिल ओहारा यांची सेंट लुईसची कार्डं मात्र सगळेच वेगळी धरतात, कारण खेळाडूने संघ बदलला म्हणून मजकूर मुद्दाम बदलला गेला. म्हणजे मुद्दाम केलेला बदल सगळ्यांना मान्य आहे, चुकीची दुरुस्ती बहुतेकांना मान्य आहे. निव्वळ छपाईतल्या दोषाबद्दल पुढे बोलू.

त्यातून मागच्या बाजू वेगळ्याच. पीडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, पोलर बेअर, हिंदू, ड्रम, उझिट असे मागे सोळा छाप सापडतात. 'हिंदू' नावाची सिगारेट अमेरिकेत कशी, असं मला घरचे सगळे विचारतात. पूर्वेकडच्या देशांची नावं तेव्हा तंबाखूच्या जाहिरातीत फार चालायची, एवढंच. पुढची बाजू आणि मागची बाजू यांच्या सगळ्या जोड्या मोजायला बसलात तर आकडा हजारांत जातो. म्हणून या संचाला संग्राहक 'मॉन्स्टर' म्हणतात.

कूपन सिगारेटची कार्डं टी२०६ मानायची की नाहीत?

माझ्या मते हा या छंदातला सगळ्यात महत्त्वाचा वाद आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बर्डिक यांनी कूपन छापाच्या कार्डांना टी२१३ हा वेगळा क्रमांक दिला. पुढे संग्राहकांनी त्याचे तीन प्रकार पाडले. दुसरा प्रकार १९१४ ते १९१६ मधला आणि तिसरा १९१९चा. या दोन्हींवर खालचं नाव निळ्या शाईत आहे आणि संघही नंतरच्या काळातले आहेत. ही वेगळी मानण्यात कुणाची हरकत नाही.

गोची पहिल्या प्रकाराची आहे. तो १९१०चा. चित्रं टी२०६चीच, खालचं नाव त्याच तपकिरी शाईत, त्याच ठेवणीत, काळही तोच आणि कंपनीही तीच. फरक दोन. मागे कूपनची जाहिरात आहे आणि कागद पातळ आहे. पीडमाँट आणि पोलर बेअर हे दोन छाप जर एकाच क्रमांकाखाली नांदतात, तर कूपननेच काय घोडं मारलं? छाप वेगळा हे कारण चालत नाही, कारण टी२०६मध्येच सोळा छाप आहेत. उरतो कागद. कागद हा खरा पुरावा आहे, मी तो हलका मानत नाही. वेगळा कागद म्हणजे वेगळी छपाई. पण वेगळी छपाई म्हणजे वेगळा संच, असं टी२०६च्या बाबतीत तरी म्हणता येत नाही. त्याच्या अनेक मागच्या बाजूंवर १५०, ३५० किंवा ४६० 'सब्जेक्ट्स' (म्हणजे चित्रं) असं छापलेलं असतं, म्हणजे तो संचसुद्धा वेगवेगळ्या खेपांतच छापला गेला.

दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की बर्डिक यांनी तीन प्रकार एका क्रमांकात ठेवले आहेत, पहिला तिथून उचलला तर शंभर ठिकाणी ठिगळं लावावी लागतील, जुन्या याद्या आणि लिलावांच्या नोंदी निरुपयोगी होतील. ही अडचण खरी आहे. तरी माझं मत पक्कं आहे : कूपनचा पहिला प्रकार ही टी२०६चीच सतरावी पाठ आहे. तपकिरी अक्षरांच्या रेड क्रॉस कार्डांनाही, ज्यांना टी२१५ म्हणतात, हाच प्रश्न लागू आहे. पण त्यांच्या काळाचा पुरावा इतका घट्ट नाही, म्हणून तिथे मी थांबतो.

सुरुवातीच्या दिवसांत एका प्रदर्शनात मी असंच एक पातळ कागदाचं कार्ड टी२०६ म्हणून घेतलं होतं. विकणाऱ्याने मागची बाजू दाखवली नाही आणि मी विचारली नाही. घरी येऊन पाहिलं तर कूपन. आठवडाभर चिडचिड झाली. मग त्या कार्डानेच मला वाचायला लावलं. आज ते विकायचं माझ्या मनातही येत नाही.

टाय कॉबच्या नावाची पाठ असलेलं कार्ड खरंच टी२०६ आहे का?

पुढे टाय कॉबचं लाल पार्श्वभूमीचं चित्र, जे टी२०६मध्ये आहेच. मागे त्याच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात आणि कारखान्याचा क्रमांक ३३, नॉर्थ कॅरोलायना. सोळा पाठींच्या यादीत हिला जागा मिळाली आहे, पण पुष्कळ जाणकारांना ती मान्य नाही. त्यांचे मुद्दे असे. ही पाठ एकट्या कॉबच्याच कार्डावर सापडते. मागे 'सब्जेक्ट्स'चा आकडा नाही. काही कार्डांचा पुढचा भाग चकचकीत आहे, आणि तसं इतर टी२०६मध्ये दिसत नाही. शिवाय ही ओढायची सुटी तंबाखू, सिगारेट नव्हे.

शेवटचा मुद्दा मला पटत नाही. पोलर बेअरही सिगारेट नव्हती, ती पुडीतली तंबाखू होती आणि तिची कार्डं निर्विवाद टी२०६ आहेत. पहिले तीन मुद्दे मात्र जड आहेत. संच म्हणजे गिऱ्हाइकाने एकामागून एक जमवावा म्हणून काढलेली मालिका. ज्या डब्यात दर वेळी एकच चित्र मिळतं, तिथे जमवायचं काय? २०१६मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका कुटुंबाला पणजोबांच्या घरातल्या चुरगळलेल्या कागदी पिशवीत अशी सात कार्डं एकदम सापडली. तोवर माहीत असलेल्यांची संख्याच जेमतेम पंधराच्या आसपास होती. सातही एकाच खेळाडूची! माझ्या दृष्टीने तो शोध वेगळं मानणाऱ्यांच्या बाजूने बोलतो.

कूपनला आत घेणारा मी कॉबला बाहेर काढतो, हे काहींना उलटसुलट वाटतं. दोन्हीकडे मी एकच गोष्ट तपासतो : कार्ड कुणी, कधी, कशाबरोबर छापलं आणि ते लोकांच्या हातात कसं पोचलं.

एकाच कार्डाला दोन क्रमांक असू शकतात का?

असतात. शिकागोच्या फेलिक्स मेंडेलसन यांनी १९१६मध्ये दोनशे-दोनशे कार्डांचे दोन संच छापले आणि मागची बाजू कुणालाही जाहिरातीसाठी दिली. मागे 'द स्पोर्टिंग न्यूज'ची जाहिरात असेल तर ते एम१०१ (दोन संच म्हणून एम१०१-४ आणि एम१०१-५). तेच चित्र वाइल बेकरीच्या जाहिरातीसह आलं की डी३२९. स्टँडर्ड बिस्किट असेल तर डी३५०. म्हणजे तंबाखूच्या सोळा छापांना एक क्रमांक आणि इथे दर दुकानाला वेगळा. बर्डिक यांच्या मांडणीतली ही विसंगती त्यांच्या चाहत्यांनाही मान्य आहे, आणि मी त्यांच्यातलाच एक आहे.

या संचांचं वर्षही दुरुस्त झालं. एम१०१-५ला जुन्या सूच्या १९१५चा मानत. खेळाडू कोणत्या संघातून कुठे कधी गेले आणि कार्डावर कोणता संघ छापला आहे हे ताडून पाहिल्यावर तो १९१६चा ठरला. त्यात १५१व्या क्रमांकावर बेसबॉलमधला दंतकथा बनलेला खेळाडू बेब रूथ आहे, म्हणून या एका वर्षाला एवढं महत्त्व.

मग रूथचं 'रुकी' कार्ड कोणतं?

'रुकी' म्हणजे नवखा खेळाडू, आणि उत्तर व्याख्येवर अवलंबून आहे. मोठ्या लीगमधला खेळाडू म्हणून पाहिलं तर १९१६चं. पण १९१४मध्ये रूथ बाल्टिमोरच्या मायनर (दुय्यम) लीग संघात असताना 'बाल्टिमोर न्यूज'ने काढलेलं कार्डही आहे, साधारण दहाच माहीत आहेत. डिसेंबर २०२३मध्ये त्यातलं एक ७२ लाख डॉलरला गेलं. त्याला 'प्री-रुकी' म्हणणारेही आहेत. मला तो शब्द ओढूनताणून बनवलेला वाटतो. कार्डावरचा मुलगा रूथ आहे, त्याआधीचं कार्ड कुणाला सापडलेलं नाही. 'पहिलं कार्ड' म्हणावं आणि मोकळं व्हावं.

मिकी मँटलबद्दल मात्र गैरसमज आहे, वाद नाही. ऑगस्ट २०२२मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला विकलं गेलेलं टॉप्सचं कार्ड १९५२चं. त्याचं रुकी कार्ड बोमन कंपनीचं, १९५१चं, क्रमांक २५३.

खरी गुंतागुंत लीफ कंपनीच्या संचात आहे. ९८ कार्डं, पण क्रमांक मध्ये मध्ये गाळत १६८पर्यंत नेलेले. काहींवर हक्काचं (कॉपीराइटचं) वर्ष १९४८ छापलं आहे, काहींवर १९४९. आता स्टॅन म्युझिअल घ्या. त्याचं बोमन कार्ड नक्की १९४८चं आहे. लीफही १९४८चं असेल तर म्युझिअलची दोन रुकी कार्डं होतात. १९४९चं असेल तर एकच, आणि लीफची मागणी उतरते. ज्याच्याकडे लीफ आहे तो १९४८ म्हणतो आणि ज्याच्याकडे बोमन आहे तो १९४९, असं फार वेळा पाहिलं आहे. छापलेलं वर्ष हक्काचं असतं, विक्रीचं असेलच असं नाही. म्हणून माझ्या वहीत मी हा संच '१९४८-४९' असाच लिहितो.

१९३३च्या गाउडी संचातलं १०६ क्रमांकाचं कार्ड १९३४चं कसं?

बॉस्टनच्या गाउडी गम कंपनीचा हा आर३१९ संच, २४० कार्डांचा. मुलं पाकिटामागून पाकिटं फोडत राहिली, १०६ काही निघेना. ते कार्ड छापलंच नव्हतं. ज्यांनी कंपनीला पत्र लिहून तक्रार केली, त्यांना पुढच्या वर्षी, १९३४मध्ये, ते टपालाने पाठवलं गेलं. त्यावर नॅप लाजोई होता, जो खेळ सोडून कितीतरी वर्षं झाली होती. छपाई १९३४च्या कार्डांबरोबर झालेली, क्रमांक १९३३चा. पत्रासोबत कागदी चापाने जोडून पाठवल्यामुळे काही कार्डांवर चापाची खूण अजून दिसते.

वर्ष १९३४, संच १९३३चा. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि कार्डाबरोबर दोन्ही लिहावं. ती चापाची खूण पाहिली की बोट दुखेपर्यंत पत्र लिहिणारा कुणीतरी दहा वर्षांचा मुलगा मला दिसतो.

व्हेरिएशन (कार्डाचा वेगळा प्रकार) कशाला म्हणायचं आणि छपाईचा दोष कशाला?

आपल्याकडे शिवराई जमवणारे 'छत्रपति'मधल्या एका वेलांटीवरून तासन्‌तास बोलतात, तसंच हे. १९५८च्या टॉप्स संचात पांचो हेरेराच्या आडनावातलं शेवटचं अक्षर काही कार्डांवर गायब आहे. पण अर्धवट उमटलेल्या अक्षराचीही कार्डं सापडतात, म्हणजे प्लेटवर काहीतरी आडवं आलं आणि नंतर ते हटलं. कुणी ठरवून काही बदललं नाही. १९५७च्या जीन बेकर कार्डावरही आडनावाचं शेवटचं अक्षर असंच बिघडलेलं मिळतं. तरीही ही दोन्ही कार्डं नावाजलेली आणि महाग आहेत. माझ्या हिशेबी हे दोष आहेत. जमवा जरूर, पण त्यांच्यावाचून संच अपुरा राहतो असं म्हणू नका.

उलट १९५२च्या टॉप्समधलं जो पेजचं कार्ड पाहा. मागे जॉनी सेनची माहिती छापली गेली होती, कंपनीने ती चूक दुरुस्त केली. हे खरं व्हेरिएशन.

यांच्या अधेमधे १९६२चा हिरवट प्रकार येतो. टॉप्सची ११० ते १९६ ही कार्डं एका वेगळ्या छपाईत हिरवट निघाली. त्यातल्या काहींवर फोटोच वेगळा आहे, तिथे वाद नाही. बाकीच्यांवर फक्त रंगाचा फरक. दोष एखाद्या पत्र्यावर पडतो, इथे अख्खा टप्पाच वेगळा छापला गेला. म्हणून मी ती वेगळी धरतो, पण इथे माझं मत दोनदा बदललं आहे.

ग्रेडिंग कंपनीच्या लेबलवर छापलंय, मग वाद कशाला?

ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासते आणि त्याची ओळख व स्थितीचे दहापैकी गुण लेबलवर छापते. ते लेबल हे एका तपासणाऱ्याचं मत असतं. पीएसए कंपनीने १९९१मध्ये सुरुवात केली तेव्हा पहिलं ग्रेड केलेलं कार्डच वॅग्नरचं होतं, जे त्याच वर्षी आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्याच्या भागीदाराने ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं. ग्रेड मिळाली ८. ते आधी बाळगणाऱ्या आणि विकणाऱ्या लिलावदाराने २०१३मध्ये कडा कातरल्याची कबुली दिली. त्या एका लेबलवर 'टी२०६' हे बरोबर होतं आणि '८' हे चूक. एकाच चिठ्ठीवर दोन वेगळी विधानं असतात आणि दोन्ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात.

सगळ्यात पहिलं बेसबॉल कार्ड कोणतं?

ब्रुकलिन अटलांटिक्स संघाचा १८६५चा पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. तो आठवणीदाखल काढलेला फोटो म्हणून काही जण त्याला कार्ड मानत नाहीत. ते १८६९चं सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जचं कार्ड धरतात, ज्याच्या मागे न्यूयॉर्कच्या पेक अँड स्नायडर या खेळसाहित्याच्या दुकानाची जाहिरात आहे. जाहिरात असली तर कार्ड, नाहीतर फोटो. माझा कल १८६९ मानणाऱ्यांकडे आहे.

जुन्या घराच्या माळ्यावर असं कार्ड सापडलं तर ओळखायचं कसं?

अमेरिकेत जुनं घर घेतलेल्यांकडून हे हमखास विचारलं जातं. पुसू नका, कडा सरळ करू नका, चिकटलेलं असेल तर सोडवू नका. दोन्ही बाजूंचे फोटो भरपूर उजेडात काढा. खालच्या नावाची शाई तपकिरी की निळी ते पाहा. मागे कारखान्याचा क्रमांक, राज्य आणि 'सब्जेक्ट्स'चा आकडा आहे का ते लिहून घ्या. पट्टीने लांबी-रुंदी मोजा, टी२०६ साधारण ३.७ बाय ६.७ सेंटिमीटर भरतं. त्यासोबत दुसरी कार्डं, पाकिटं, डबा काही असेल तर सगळं एकत्रच ठेवा आणि कोणतं कशाच्या शेजारी होतं त्याची चिठ्ठी त्यातच टाका. ती सात कॉब कार्डं ज्या कागदी पिशवीत होती, ती पिशवी फेकली जाण्याच्या बेतात होती.